अंधारीतला बारा ग्रॅमचा वीर

चला मुलांनो, आज आपल्याला एक किल्ला जिंकायचाय. साधासुधा नाही, दौलताबादचा! छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की पंधराएक किलोमीटरवर रस्त्यालगतच तो दिसतो. यादवांचा राजा भिल्लम पाचवा याने 1187च्या सुमारास इथे राजधानी वसवली, तेव्हा त्याचं नाव होतं देवगिरी. पुढे 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद.

तर तुम्ही शत्रूचे सैनिक. भाले-तलवारी घ्या आणि निघा. पहिला तट लागेल अंबरकोट. तो ओलांडलात? शाबास. आता महाकोट. त्याच्या दरवाजांवर हातभर उंचीपासून टोकदार लोखंडी खिळे ठोकलेत, हत्तीने धडक मारली तर त्याचंच कपाळ फुटावं म्हणून. तेही जमलं? मग कालाकोट. तीन तट पार करून दमलेले तुम्ही जेव्हा खऱ्या बालेकिल्ल्यापाशी पोचता, तेव्हा समोर काय दिसतं? सुमारे 200 मीटर उंच डोंगर, आणि त्याचा खालचा सगळा भाग छिन्नी-हातोड्याने तासून केलेला उभाच्या उभा कडा. चढायला पाय ठेवायची सोय नाही. कड्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. त्यावर पूल एकच. आणि पुलाच्या पलीकडे वर जायला वाटही एकच, तिचं नाव अंधारी.

अंधारी म्हणजे खडक पोखरून केलेला बोगदा. आत वेड्यावाकड्या वळणांच्या पायऱ्या आहेत, एकीची उंची दुसरीसारखी नाही. मधेच फसवी वाट आहे. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर आग पेटवायची, म्हणजे सगळा बोगदा धुराने भरून जाईल, अशीही व्यवस्था होती. इथे येऊन शूर शिपायाचेही पाय लटपटत असणार. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, काही फरकच पडत नाही इतका तो काळोख दाट.

आता आहात तिथेच थांबा आणि कान द्या. वर छतापाशी बारीक चिकचिक चाललीय. नाकात एक उग्र वास शिरतोय. तुमच्या डोक्याच्या वरून काहीतरी भुर्रकन गेलं, पण तुम्हाला शिवलंसुद्धा नाही. ज्या अंधाराला फौजा घाबरल्या त्याच अंधारात कुणीतरी बिनधास्त संसार मांडलाय. पिल्लं वाढवली जातात, भांडणं होतात, दिवसभर झोपा काढल्या जातात.

ही मंडळी म्हणजे वटवाघळं. दौलताबादची अंधारी पाहून आलेला कुणीही गडावरच्या तोफांच्या आधी त्यांचीच गोष्ट सांगतो, आणि बहुतेक वेळा नाक मुरडून सांगतो. मला मात्र वाटतं, या किल्ल्यावर सगळ्यात चिवट कोण, असं विचारलं तर उत्तर यादव, खिलजी, तुघलक, निजामशाह किंवा मोगल यांपैकी कुणीच नाही. उत्तर आहे ही छतावरची चिमुकली मंडळी.

का, ते सांगतो. पण आधी किल्ला कसा पडला ते ऐका, कारण आपली सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

एवढा अभेद्य किल्ला, तरी तो पडला. तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा राजा रामचंद्रदेव गडावर जाऊन बसला. गड लढून घेणं कुणाला शक्यच नव्हतं. पण घाईघाईने वर नेलेली पोती उघडली तर आत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी गोष्ट जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलीय. मीठ खाऊन किती दिवस लढणार? राजाला तह करावा लागला. पुढे 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने काही महिने वेढा घातला. त्या वेळी किल्ला मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्या हातात होता. तेव्हाही आतल्या माणसांचा घात केला तो मुख्यतः उपासमारीने आणि रोगराईने. तट शाबूत, खंदक शाबूत, अंधारी शाबूत. पोट रिकामं पडलं आणि किल्ला गेला.

भुकेपुढे देवगिरीने हात टेकले. आता भुकेशी सामना करणारा दुसरा गडी पाहू.

दख्खनच्या आपल्या कोरड्या पट्ट्यात, जुने किल्ले, लेणी, पडके वाडे, खडकांच्या कपारी अशा ठिकाणी एक छोटं वटवाघूळ राहतं. त्याला लांबलचक, बारीक, उंदरासारखी मोकळी शेपटी असते. बाकीच्या बहुतेक कीटकखाऊ वटवाघळांची शेपटी मागच्या पायांमधल्या पातळ पडद्यात गुंतलेली असते. याची मात्र पडद्याबाहेर लोंबत राहते, जवळजवळ अंगाइतकीच लांब. म्हणून आपण त्याला उंदीरशेपट्या म्हणू. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याचं नाव ऱ्हायनोपोमा हार्डविकी. हार्डविक नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक लष्करी अधिकारी होता, त्याला प्राणी गोळा करायचा भारी नाद. 1831 मध्ये या वटवाघळाला त्याचं नाव मिळालं. वजन किती म्हणाल? दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा. त्याहूनही थोडं कमी, बारा-चौदा ग्रॅम.

या बारा ग्रॅममध्ये काय काय भरलंय बघा.

आधी अंधाराचं कोडं सोडवू. ते माणसांनाही फार उशिरा सुटलं. 1793 मध्ये इटलीतला स्पालान्झानी नावाचा धर्मगुरू आणि संशोधक रात्री जागून एक प्रश्न विचारत होता: अगदी काळोखात घुबडही धडपडतं, मग वटवाघूळ का धडपडत नाही? त्याला आढळलं की डोळ्यांनी अजिबात दिसत नसलेलं वटवाघूळही खोलीत टांगलेले दोरे चुकवून सफाईने उडतं. मग जिनिव्हाच्या ज्युरीनने त्यांचे कान बंद करून पाहिले. आणि काय आश्चर्य, वटवाघळं भिंतींवर आपटू लागली! म्हणजे रस्ता कानांनी दिसतो? लोकांनी चक्क चेष्टा केली. कारण उडणारं वटवाघूळ तर मुकाट उडतं, मग कान ऐकतात तरी काय?

याचं उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. 1938 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकणारा डोनाल्ड ग्रिफिन पिंजऱ्यातली वटवाघळं घेऊन एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांच्याकडे माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज पकडणारं यंत्र होतं. यंत्र वटवाघळांकडे वळवलं आणि त्यातून आवाजांचा नुसता गदारोळ ऐकू आला. वटवाघळं मुकी नव्हती, आपल्यालाच ती ऐकू येत नव्हती.

आपला कान सेकंदाला फार तर 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. तुमचे कान कोवळे असल्यामुळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्तच ऐकू येत असणार! उंदीरशेपट्याची हाक असते साधारण 32,000 कंपनांची. ती हाक भिंतीवर, खांबावर किंवा उडत्या किड्यावर आदळून परत येते, आणि त्या प्रतिध्वनीवरून त्याला समोरचं सगळं कळतं. गणित करून पाहायचंय? आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. भिंत 3.4 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 6.8 मीटर झाले. म्हणजे प्रतिध्वनी परतायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. तेवढ्या वेळात तुमची पापणी धड मिटतही नाही. वटवाघळाचा मेंदू मात्र तेवढ्यात हिशेब करून मोकळा होतो, वळणही घेतो, आणि पुढची हाकही मारतो. किडा टप्प्यात आला की हाकांचा वेग वाढत जातो. काही जातींची वटवाघळं अगदी शेवटच्या क्षणी सेकंदाला दीडशेहून जास्त हाका मारतात.

आणि या हाका हळू नसतात बरं. आपल्याला ऐकू आल्या असत्या तर आपण कानावर हात ठेवून पळालो असतो. मग स्वतःच्याच ओरडण्याने त्यांचे कान कसे फुटत नाहीत? तर मधल्या कानात एक इवलासा स्नायू असतो. हाक निघायच्या आधी तो आवळला जातो आणि कान थोडा बधिर होतो. हाक संपली की लगेच सैल पडतो, म्हणजे परत येणारा क्षीण प्रतिध्वनी नीट ऐकू यावा. हे सगळं प्रत्येक हाकेला, रात्रभर.

इथे तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी नक्की विचारणार, की शेकडो वटवाघळं एकदम ओरडायला लागली तर स्वतःचा प्रतिध्वनी कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे कळणार कसं? प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात, तमिळनाडूतल्या मदुराई भागात, याच उंदीरशेपट्याने दिलं. योर्ग हाबरझेट्झर या जर्मन संशोधकाने त्यांच्या हाका टिपल्या आणि 1981 मध्ये आपला अभ्यास छापला. वटवाघूळ एकटं उडत असतं तेव्हा हाक 32,500 कंपनांच्या आसपास. पण थव्यात उडायला लागलं की मंडळी आवाजाच्या पट्ट्या वाटून घेतात! कुणी 30,000 वर, कुणी 32,500 वर, तर कुणी 35,000 वर. ज्याची त्याची पट्टी वेगळी, म्हणून ज्याचा त्याचा प्रतिध्वनीही वेगळा. मला तर हा शोध वाचून इतका आनंद झाला होता, की भेटेल त्याला मी तो सांगत सुटलो होतो.

अंधारीत उंदीरशेपट्याचे इतरही भाऊबंद असू शकतात, कारण मराठवाड्यातल्या लेण्यांत आणि गडांवर वटवाघळांच्या बऱ्याच जाती नांदतात. गुहेत राहणारं एक फळखाऊ वटवाघूळही आहे, रूसेटस नावाचं. मोठमोठे डोळे, कुत्र्यासारखं तोंड. ते हाक मारत नाही, जिभेने टक-टक वाजवतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवर गुहेत वाट काढतं. आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांचा कसून अभ्यास केला आणि 1962-63 मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर मोठी लेखमाला लिहिली. आजही या भागातल्या वटवाघळांवर काम करणारा त्या लेखांपासूनच सुरुवात करतो.

आता कड्याकडे वळू. ज्या तासलेल्या दगडाला हात घालायला जागा नाही, तिथे ही मंडळी उलटी लटकून दिवस काढतात, तेही झोपेत. तुम्ही झाडाच्या फांदीला लोंबकळून पाहा, दोन मिनिटांत हात भरून येतील. वटवाघळाचे पाय भरून येत नाहीत, कारण ते जोर लावतच नाही. वायरींचा जुडगा बांधायची नायलॉनची पट्टी पाहिलीय ना, एकदा ओढली की दातऱ्यांत अडकून बसते आणि आपोआप सुटत नाही ती? वटवाघळाच्या बोटांतल्या स्नायूबंधांवर तशाच बारीक खाचा असतात. लटकल्यावर स्वतःच्याच वजनाने स्नायूबंध ओढला जातो, खाचा अडकतात, आणि नख्या दगडावर कुलूप लागल्यासारख्या घट्ट बसतात. लटकायला ताकद लागतच नाही. उडायचं असेल तेव्हाच थोडा जोर लावून कुलूप काढायचं आणि खाली झेप घ्यायची. झोपेत मेलेलं वटवाघूळही कधी कधी तसंच लटकलेलं सापडतं. उंदीरशेपट्या तर भिंतीवर चारही अवयव टेकून सरसर चालतोही. कडा तासणाऱ्या कारागिरांनी याचा विचार काही केला नव्हता.

तुमच्या लक्षात आलं का? झोपताना शक्ती खर्च करायची नाही. त्याचं सगळं शहाणपण या एका सवयीत आहे. उडणं हे भयंकर महागडं काम. उडताना काही वटवाघळांचं हृदय मिनिटाला हजाराच्या आसपास ठोके देतं, तुमचं-माझं नुसतं बसून असताना ऐंशी-नव्वद. एवढा खर्च भागवायला रोज रात्री भरपूर किडे हवेत. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके किडे धरले तरी उंदीरशेपट्याला चार ग्रॅम किडे लागतात. पतंग, भुंगेरे, पहिल्या पावसात निघणाऱ्या पंखवाल्या वाळव्या, सगळं चालतं. पावसाळ्यात दौलताबादच्या रानात मेजवानीच असते. पण मग हिवाळा येतो. थंडीत किडे उडत नाहीत. पुढे उन्हाळा येतो, माळ करपून जातो, ओढे आटतात. अशा वेळी काय?

राजा रामचंद्रदेवाची मिठाची पोती आठवा. आपला बारा ग्रॅमचा वीर ती चूक करत नाही. पावसाळा संपता संपता, किड्यांची रेलचेल असतानाच तो पोटाच्या खालच्या भागात आणि शेपटीच्या बुडाशी चरबी साठवायला लागतो. अंग चांगलं गुबगुबीत होतं. हे त्याचं धान्याचं कोठार, आणि ते स्वतःच्याच कातडीखाली. ते कुणाला लुटता येत नाही, आणि त्यात धान्याऐवजी मीठ निघायची तर भीतीच नाही.

कोठार भरलं की दुसरी युक्ती. खर्च कमी. तोही थोडाथोडका नाही. इथे आपण थोडे दूर, इस्रायलमध्ये जाऊ, कारण तिथे उंदीरशेपट्याच्या सख्ख्या नातेवाइकांवर फार सुंदर काम झालंय. गॅलिली सरोवराजवळच्या काही गुहा जमिनीखालच्या उष्णतेमुळे हिवाळ्यातही सुमारे 20 अंश सेल्सिअसवर टिकून असतात. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांना तिथे ही वटवाघळं ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सुस्त पडलेली दिसली. खाणं नाही, पिणं नाही. आणि श्वास? पंधरा ते तीस मिनिटांतून एकदा!

हे वाक्य नुसतं वाचून पुढे जाऊ नका. घड्याळ लावा आणि श्वास रोखून पाहा. अर्ध्या-पाऊण मिनिटात तुमची घालमेल सुरू होईल. (त्यापुढे अट्टहास करायचा नाही.) आता विचार करा, शाळेचा एक तास संपेपर्यंत दोन-तीनच श्वास. शरीराचं तापमान गुहेइतकं खाली उतरलेलं, हृदय अगदी मंद, सगळी यंत्रणा कशीबशी तेवत ठेवलेली. 2015 मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञ चकित झाले, कारण तोवर समज असा होता की अशी लांब हिवाळी झोप घ्यायला बर्फासारखी गार गुहा लागते. उबदार गुहेतही ती जमते, हे या वाळवंटी वटवाघळांनी दाखवून दिलं. थंडीआधी त्यांनी काय खाल्लं होतं, ठाऊक आहे? सुतारमुंग्यांच्या पंखवाल्या राण्या. चरबीने भरलेला खाऊ!

आपल्याकडचा हिवाळा तेवढा लांब आणि कडक नसतो. त्यामुळे इथे झोपही तेवढी लांब लागत नाही. पण युक्ती तीच. गारठा पडला, किडे मिळेनासे झाले, की अंग थंड पडू द्यायचं, हालचाल बंद करायची आणि साठवलेली चरबी पै-पैने खर्चायची.

पाण्याचंही तसंच. याची मूत्रपिंडं लघवीतलं पाणी शक्य तितकं वाचवतात. नाकपुड्या म्हणजे दोन बारीक फटी, त्या त्याला हवं तेव्हा मिटून घेता येतात. वाळूचं, धुळीचं वादळ आलं तरी आत काही जात नाही. म्हणून तर याच कुळातली वटवाघळं इजिप्तच्या पिरॅमिडांतही राहतात. राजे-महाराजे झोपलेत, आणि त्यांच्या खोल्या वापरतंय कोण, तर ही मंडळी. दौलताबादचीच गोष्ट तिकडेही.

आणि तो वास? जमिनीवर साचलेल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो, त्याचा तो वास. अमेरिकेतल्या काही गुहांमध्ये लाखो वटवाघळं राहतात. तिथे अमोनिया इतका दाट असतो की माणसाला मुखवटा घातल्याशिवाय टिकता येत नाही. वटवाघळं मात्र त्यात पिल्लं वाढवतात.

रोगांशी त्यांचं नातं तर याहून विलक्षण. आपल्या शरीरात विषाणू शिरला की शरीर चवताळून उठतं, ताप येतो, सूज येते, आणि पुष्कळदा विषाणूपेक्षा त्या चवताळण्यानेच आपले हाल होतात. वटवाघळाचं शरीर विषाणूला आवर घालतं, पण आदळआपट करत नाही. म्हणून काही विषाणू अंगात असूनही ती ठणठणीत राहतात. त्यांना सोसतं ते आपल्याला सोसेलच असं नाही, तेव्हा एक गोष्ट अगदी पक्की: जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसांना सांगायचं. घाबरून नाही, समजून.

शिवाय आयुष्य बघा. घरातला उंदीर दोन-तीन वर्षं जगला तरी डोक्यावरून पाणी. साधारण त्याच्याएवढं किंवा त्याहून लहान वटवाघूळ किती जगावं? सायबेरियात अंगठी घालून सोडलेलं ब्रांटचं वटवाघूळ किमान 41 वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं. वजन सात-आठ ग्रॅम! एवढ्याशा जिवाला एवढं आयुष्य कसं, यावर आज जगभर संशोधन चाललंय, कारण म्हातारपण समजून घ्यायची किल्ली तिथे सापडेल अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

इतका टणक प्राणी, मग त्याला कशाचीच भीती नाही? आहे. आणि आता मी जे सांगणार आहे ते मला मनापासून सांगायचंय.

उंदीरशेपट्याची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, साधारण जून-जुलैत. पाऊस पडलेला असतो, किडे वाढलेले असतात, म्हणजे आईला दूध पुरतं. किडे खाऊन परत आलेली आई शेकडो पिल्लांच्या गर्दीतून आपलं पिल्लू आवाजाने आणि वासाने हुडकते. पण वर्षाला एकच. उंदराला एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात, तीही वर्षातून अनेकदा. म्हणून उंदीर मारले तरी ते परत वाढतात. वटवाघळांची वस्ती एकदा मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि ती मोडते कशी? धुराने मोडते. अंधारीत शत्रूसाठी केलेली युक्ती वटवाघळांनाही तितकीच घातक आहे, आणि गुहेत धूर करून त्यांना हाकलणारी माणसं अजून आहेत. ती मोडते आपल्या गोंगाटानेही. हिवाळ्यात सुस्त पडलेल्या वटवाघळाच्या तोंडावर कुणी मोबाइलचा झोत मारला, किंचाळलं, टाळ्या पिटल्या, की ते दचकून जागं होतं. जागं व्हायचं म्हणजे गार अंग पुन्हा तापवायचं, आणि त्याला चरबी जाळावी लागते. पुढचे कितीतरी दिवस पुरवायचं धान्य एका झटक्यात खलास. पुन्हा पुन्हा असं झालं तर कोठार रिकामं. वेढा घालून देवगिरी जिंकणाऱ्यांनी जे केलं तेच आपण न कळत करत असतो, फक्त आपल्या हातात तलवारीऐवजी फोन असतो.

महाराष्ट्राच्या सीमेजवळ, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाची जगाला ओळख झाली 1913 मध्ये. रॉटनचं वटवाघूळ त्याचं नाव. पुढे कितीतरी वर्षं ते जगात फक्त त्या एकाच गुहेत ठाऊक होतं. एक गुहा बिघडली असती तर आपल्या माहितीतली सगळीच्या सगळी जात गेली असती. आज त्या वटवाघळाला कायद्याचं सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. अंधारीतल्या वटवाघळांची जात तेवढी दुर्मीळ नाही, पण प्रत्येक वस्तीला घर एकच असतं.

म्हणून सहलीला दौलताबादला जाल तेव्हा अंधारीत विजेरी पायऱ्यांवर धरा, छतावर नको. बोलायचं ते कुजबुजत. फ्लॅश बंद. खाली साचलेली विष्ठा पायाने उधळू नका, तिची धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

खरी मजा बघायची असेल तर ती बाहेर, दिवेलागणीला, आणि त्यासाठी दौलताबादलाच जायला हवं असंही नाही. तुमच्या गावातला पडका वाडा, जुनी विहीर किंवा बुरूज चालेल. मोठं कुणी सोबत घ्या, थोडं लांब उभे राहा आणि आकाशाच्या उजेडाकडे बघा. उंदीरशेपट्या ओळखायला सोपा: थोडा वेळ पंख फडफडवतो, मग तरंगत खाली येतो, पुन्हा फडफडत वर जातो, असा वर-खाली, वर-खाली उडतो. नीट पाहिलंत तर मागची बारीक शेपटीही दिसेल. वहीत तारीख लिहा, पहिलं वटवाघूळ किती वाजता बाहेर पडलं ते लिहा, थंडी किती होती तेही. दिवाळीनंतर कोणत्या आठवड्यात ती कमी होतात आणि होळीच्या आधी की नंतर पुन्हा भरपूर दिसू लागतात, याची एका जागेची दोन-तीन वर्षांची नोंद तुम्ही ठेवलीत, तर वटवाघळांचा अभ्यास करणारी माणसं ती आनंदाने मागून घेतील. वही पुरी झाली की आम्हालाही पाठवा.